खोली घेताना

मी नेमकं काय काम करते हे आमच्या नात्यागोत्यात आजवर कुणालाच नीट समजलेलं नाही. आत्या लोकांना सांगते, "ती सिनेमात आहे," आणि समोरच्याचे डोळे चमकले की घाईघाईने जोडते, "पण तसल्या नाही." काकाच्या मते मी रेडिओवर असते. आईला विचारलं तर ती म्हणते, "चौकशा करते." तिघांत त्यातल्या त्यात तीच बरोबर. लहानपणी माझं नावच चौकशी पडलं होतं. पाहुणे दारातून आत यायच्या आधी कुठून आलात, किती दिवस राहणार आणि पिशवीत काय आहे, हे विचारून मी मोकळी व्हायचे. पुढे त्याच आगाऊपणाचा मला पगार मिळायला लागला, एवढंच.

सुरुवात झाली माहितीपट करणाऱ्या एका छोट्या कंपनीत. दुसऱ्यांनी घेतलेल्या मुलाखती हेडफोन लावून ऐकायच्या आणि कोण कुठे काय म्हणालं ते टाइप करून ठेवायचं, हे माझं काम. खिडकी नसलेल्या खोलीत बसून मी परक्या माणसांचं खाकरणं, उसासे आणि 'म्हणजे कसंय ना' ऐकत राहायचे. माझ्याबरोबर लागलेल्या मुली महिन्याभरात पळाल्या. मला मात्र घरी जावंसं वाटायचं नाही. माणूस मनातलं बोलायला लागला की त्याचं वाक्य मध्येच मोडतं आणि ठरवून बोलतो तेव्हा बरोबर पूर्णविरामावर थांबतो, हे मी त्या खोलीत शिकले.

मग सहायक झाले, मग निर्माती. निर्माती म्हणजे परवानग्या मिळवणारी, रुसवे काढणारी, "गाडी न्यायला येईल" असं सांगणारी आणि गाडी आली नाही तर स्वतः जाऊन आणणारी. मी पुलांवर फिल्म केली, गटारांवर केली, हरवलेल्या सामानाच्या कचेरीवर केली. अलीकडे लोकांच्या डोळ्यांना सवड नसते, कान मात्र भांडी घासतानाही रिकामे असतात. म्हणून आता पॉडकास्ट.

आमच्या धंद्यात दोन सवयी अंगात भिनतात. पहिली, ज्याची मुलाखत घ्यायची त्याच्या आजूबाजूच्या सगळ्यांना आधी खोदून खोदून विचारायचं. दुसरी, मुख्य प्रश्न मात्र त्या माणसाला माईक लागेपर्यंत विचारायचा नाही. कारण गोष्ट पहिल्यांदा सांगताना माणूस ती नव्याने जगतो. दुसऱ्यांदा तो स्वतःचीच नक्कल करतो. म्हणून कुणी चहा पिता पिता काही सांगू लागलं की आम्ही त्याच्या तोंडावर हात ठेवायचाच काय तो बाकी ठेवतो. "थांबा, आत्ता नको, माईक लागू द्या." चारचौघांत हा उद्धटपणा वाटतो. आहेच तो.

गेल्या वर्षी 'शेवटचा दिवस' नावाची मालिका चालू होती. दर भागात एक माणूस आपल्या नोकरीतला शेवटचा दिवस सांगायचा. बोटीवरचा स्वयंपाकी झाला, बोगद्यातला पहारेकरी झाला, दातांची एक डॉक्टर झाली, जिने शेवटचा दात स्वतःच्या वर्गमैत्रिणीचा उपटला होता आणि तोही चुकीचा. शेवटच्या भागासाठी एक निवृत्त वैमानिक ठरला होता. आयत्या वेळी त्याने काढता पाय घेतला. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे कंपनीच्या मालकीणबाई, म्हणाल्या, "तुझ्या आईनेही नोकरी सोडली होती ना? तिलाच घे की."

त्या सहज बोलून गेल्या. मी "विचारते" म्हणून विषय बदलला.

आई पूल बांधणाऱ्या एका कंपनीत नकाशे काढायची. मोठं तिरकं टेबल, पारदर्शक कागद, शाईची पेनं. मी पाच वर्षांची असताना तिने ती नोकरी सोडली. का सोडली याची आमच्या घरात एकच गोष्ट होती आणि ती सगळ्यांना तोंडपाठ होती. माझी छाती सारखी भरायची, मला धाप लागायची, म्हणून लेकीसाठी तिने चांगल्या नोकरीवर पाणी सोडलं. घरात चार माणसं जमली की आत्या ही गोष्ट काढायचीच. "एवढी हुशार बाई, आज कुठच्या कुठे असती," असं म्हणून ती माझ्याकडे बघायची. आई चहाचे कप गोळा करत मान हलवायची.

त्या 'कुठच्या कुठे'ने माझं लहानपण पोखरलं. मी आईकडे कधी हट्ट म्हणून केला नाही. खोकला आला तर उशीत तोंड खुपसून खोकायचे. मोठी झाल्यावर दोघींच्या वाटचं काम एकटीने उरकायचं असल्यासारखी राबत आले, ताप असला तरी शूटिंगला गेले, आणि मिळालेलं प्रत्येक बक्षीस आधी तिच्या हातात नेऊन दिलं. ती म्हणायची "छान" आणि कपाटात चादरींच्या मागे ठेवायची. मला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं, की मी आईचं आयुष्य अडवलं का, आणि त्याचा तिला माझ्यावर राग आहे का.

हे मी कुणाला विचारलं नाही? आत्याला विचारलं, काकाला विचारलं, मावशीला तर इतक्यांदा विचारलं की ती फोन उचलेनाशी झाली. आईबरोबर काम करणाऱ्या एका बाईंचा पत्ता शोधून त्यांच्या घरीही जाऊन आले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. आईला मात्र विचारलं नाही. मी स्वतःला सांगायचे की हा मुख्य प्रश्न आहे, तो राखून ठेवायचा असतो. खरं कारण भीती होती. ती "हो" म्हणाली असती तर ते घेऊन मी कुठे जाणार होते?

आईला मालिकेचं विचारलं तर ती लगेच "बरं" म्हणाली. मला वाटलं होतं आढेवेढे घेईल. मग रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी तिच्याकडे चादरी घडी करत होतो. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. पुढे येऊन टोकं माझ्या हातात देताना ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "त्या नोकरीचं ना, खरं सांगायचं तर मी..."

"थांब," मी म्हणाले. "आत्ता नको. उद्या माईकवर."

तिने माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली आणि पुढची चादर काढली. रात्रभर मी स्वतःला शिव्या दिल्या. पण त्या क्षणी तोंडातून दुसरं काही निघालंच नसतं. माझ्या आधी माझा धंदाच बोलून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कानसेनला घेऊन तिच्याकडे गेले. कानसेन आमचा ध्वनिमुद्रक. अंगाने आडवातिडवा, पण मांजरासारखा चालतो, आणि दोन गल्ल्यांपलीकडे कुणी जिना चढत असेल तर ह्याच्या कपाळाला आठी पडते. त्याने आईच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. भिंतीवरचं घड्याळ टॉवेलात गुंडाळून बाहेर ठेवलं. खिडकी लावली. फ्रिज बंद केला आणि स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली.

"किल्ली आत कशाला?" आईने विचारलं.

"म्हणजे फ्रिज परत चालू केल्याशिवाय मला घरी जाता येत नाही, काकू. एकदा विसरलो होतो. त्या घरचे लोक अजून माझं नाव काढतात."

आईला हे फार आवडलं. तिने फ्रिज उघडून किल्ली कुठे ठेवलीय ते बघितलं, माईकवरचं केसाळ टोपरं बोटाने दाबून बघितलं, यंत्रावरचा लाल दिवा कशाचा, वायर एवढी लांब का, हे सगळं विचारून घेतलं. कानसेन माझ्याकडे बघून गालात हसला. आई ठेवणीतले कपडे घालून बसली होती. दिवा लागला आणि मी पहिला प्रश्न विचारला.

काय सांगू तुम्हाला. माझी आई, जी एरवी एका वाक्यात तीनदा "जाऊ दे" म्हणते, ती शाळेच्या बक्षीस समारंभातल्या प्रमुख पाहुण्यासारखी बोलायला लागली. "मातृत्व ही स्त्रीची पहिली जबाबदारी असते." "आयुष्यात काही निर्णय अंतःकरणाने घ्यावे लागतात." प्रत्येक वाक्याला पूर्णविराम. मी प्रश्न फिरवून विचारले, बारीकसारीक विचारले, शेवटच्या दिवशी कपडे कुठले होते, डब्यात काय होतं. उत्तरं सगळी आली, आणि सगळी इस्त्री केलेली. मुख्य प्रश्न माझ्या जिभेवर होता. पण ह्या आवाजात त्याचं उत्तर मला नको होतं. मी तो गिळला.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं," मी म्हणाले. मला रडू येत होतं.

"आता फक्त खोली घेऊ," कानसेन म्हणाला.

हे जरा समजावून सांगायला हवं. प्रत्येक खोलीच्या शांततेला स्वतःचा एक आवाज असतो. पुढे मुलाखत कापताना मधे जे खड्डे पडतात ते त्याच खोलीच्या शांततेने बुजवावे लागतात, नाहीतर ऐकणाऱ्याला ठेच लागते. म्हणून मुलाखत संपली की सगळ्यांनी जागच्या जागी गप्प बसायचं आणि यंत्र चालूच ठेवायचं. ह्याला आम्ही खोली घेणं म्हणतो.

"म्हणजे काहीच नाही ते रेकॉर्ड करणार?" आई म्हणाली.

"हो, काकू."

"आणि मी काय करायचं?"

"काही नाही. अळीमिळी गुपचिळी."

आम्ही तिघं बसलो. कानसेनने डोळे मिटले. बाहेर लांब कुठेतरी कुणीतरी फळी ठोकत होतं आणि मग ते थांबलं. आई टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती. प्रश्न नव्हता, कुणी तिच्या तोंडाकडे बघत नव्हतं.

"मला ते काम आवडायचं नाही," ती म्हणाली.

कानसेनने सवयीने हात वर केला. मग त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला.

"पूल दुसरे लोक काढायचे. माझ्याकडे कठडा. कठड्याची जाळी. एक झाली की दुसरी, दुसरी झाली की... पाठ मोडायची गं. आणि साहेब, नाही, साहेब चांगले होते. सगळेच चांगले, तीच तर पंचाईत. भांडायलासुद्धा काही नाही. मला हुशार म्हणायचे. सरळ रेघ काढते म्हणून हुशार."

ती थांबली. मी मधे पडले नाही. समोरचा बोलत असताना आपण "हं" सुद्धा म्हणायचं नसतं, फक्त मान हलवायची असते. मी मान हलवली.

"मग हिची छाती भरायला लागली. डॉक्टर म्हणाले, मोठी होईल तशी बरी होईल, काळजीचं काही नाही. हे मी... हे मी घरी सांगितलं नाही. घरी सांगितलं, पोरीजवळ कुणीतरी हवं. शेवटच्या दिवशी निरोप दिला मला. एक जण रडली, लेकीसाठी केवढं करता म्हणाली. मी जिना उतरले आणि मला शीळ घालावीशी वाटली. येत नव्हती म्हणून घातली नाही."

कानसेनच्या मिशा हलल्या. आवाज मात्र आला नाही.

"मग रोज हिला शाळेत सोडायचं आणि बस पकडायची. कुठलीही. शेवटच्या थांब्यावर उतरायचं आणि हिंडायचं. कुठे दोरखंड वळायचे, कुठे बाटल्या करायचे, एके ठिकाणी नुसत्या शिड्या. मी दारात उभी राहून विचारायचे, हे कसं करता हो? सांगायचे लोक. कुणी हाकललं नाही. शाळा सुटायच्या आत परत."

मी ज्याला माझा धंदा समजत होते तो ती माझ्या आधी, भर दुपारी, कुणाच्याही परवानगीशिवाय करून बसली होती. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. दोन्हीचा आवाज होतो म्हणून दोन्ही आवरलं.

"ह्यांनी संध्याकाळच्या शिकवण्या धरल्या," ती म्हणाली. बाबांना ती नेहमी असंच म्हणायची. "एका पगारात भागेना म्हणून. दमून यायचे आणि म्हणायचे, तू दिवसभर पोरीचं करतेस, जरा बस. आणि मी बसायचे. पाय दुखत असायचे ना माझे, हिंडून." तिचं टेबलावरून फिरणारं बोट इथे थांबलं. "ते होते तोवर सांगवलं नाही. ते गेल्यावर, सांगून कुणाला सांगायचं?"

मग ती खरंच गप्प झाली. आता मिळालेली शांतता चांगली होती, पण यंत्र थांबवायची आठवण कानसेनलाही राहिली नाही. बऱ्याच वेळाने तो खाकरला.

"काकू, मशीन चालू होतं."

"दिसतोय की लाल दिवा. डोळे शाबूत आहेत माझे."

"मग हे काढून टाकू?"

आई थोडा विचार करून म्हणाली, "मघाशी ही विचारत होती तेव्हा जमेना. लोक माझं एवढं कौतुक करत आले, तोंडातून दुसरं काही निघेचना. ठेवायचं की काढायचं ते हिलाच विचारा, तिचं काम आहे. पण ठेवणार असाल तर हिच्या आत्याला आधी मी सांगेन. तिने ते यंत्रातून ऐकायला नको."

मोठ्या बाईंना हवा होता त्याहून दसपट चांगला भाग त्या यंत्रात होता. ठेवायचा की काढायचा, हा निर्मातीचा निर्णय असतो आणि असे निर्णय मी चुटकीसरशी घेते. त्या वेळी मला ते सुचलंसुद्धा नाही. कानसेनने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, यंत्र बंद केलं, फ्रिज चालू करून किल्ली घेतली आणि वायरचं एकच भेंडोळं उचलून, गाडीत सामान ठेवून येतो म्हणत खाली गेला. एवढ्याशा वायरला तो कधी एवढा वेळ लावत नाही.

आम्ही दोघीच उरलो. फ्रिज घुरघुरायला लागला होता. मी आयुष्यात हजारो प्रश्न विचारले असतील. कसा विचारला की माणूस बोलतो आणि कसा विचारला की मिटून जातो, हे मी नव्या लोकांना शिकवते. त्यातलं काहीही मला आठवलं नाही.

"आई, मग मी?"

"तू काय?"

"माझ्यामुळे नाही सोडलीस?"

"तुझ्यामुळे कशी सोडेन? तू होतीस म्हणून सोडता तरी आली. नाहीतर काय कारण सांगितलं असतं मी? अजून कठडेच काढत बसले असते." मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू कमी कमी होत गेलं. "तुझ्यामुळे सोडली असं तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्यांनी," मी म्हणाले. "तू पण. आत्या सांगायची तेव्हा तू मान हलवायचीस."

आईने टेबलावरचा माझा हात ओढून स्वतःच्या दोन्ही हातांत धरला.

"अगं, ते मी त्यांना सांगत होते," ती म्हणाली. "तू तिथेच खाली बसून खेळत असायचीस. तू ऐकत असशील, असं मला कधी वाटलंच नाही."